संक्रांतीआधीची लूट

कापसाला सोन्याचा भाव आला होता त्या वर्षांची गोष्ट निघाली, की आमच्या वऱ्हाडातले म्हातारे अजून सुस्कारे टाकतात. कुणी म्हणतं, तेव्हा बैलांच्या शिंगांना चांदी होती. कुणी म्हणतं, गडीमाणसंसुद्धा जरीकाठी फेटे बांधून वखर हाकत होती. मी इतकी वर्षं ऐकून घेतलं. आता केस पांढरे झाले आहेत, मला गप्प बस म्हणणारं कुणी उरलं नाही, म्हणून ती वर्षं मला कशी दिसली ते एकदाचं लिहून टाकते. ज्यांना सुस्कारे टाकायचे आहेत त्यांनी खुशाल टाकावेत.

आम्ही तेव्हा अमरावतीला राहत होतो. हे कचेरीत कारकून होते. शेतकऱ्याच्या घरात लिहिणारा-वाचणारा पहिलाच माणूस, त्यामुळे घरी नि गावात यांचा फार मान. मला अक्षरं यांनीच शिकवली, हे उपकार मी नाकारत नाही. दोन खोल्यांचं बिऱ्हाड, मागे चिंचोळं अंगण, आणि आमची एकुलती एक मुलगी. ती चौथ्या वर्षात होती.

तिचा दिवस ‘काहून’नं, म्हणजे ‘का’नं, उजाडायचा. मी चुलीपाशी भाकरी थापायला बसले, की तीही पिठाचा गोळा घेऊन शेजारी बसायची आणि मुंग्यांसाठी भाकरी करायची. हात चालायचा तसंच तोंड चालायचं.

“माय, चिमनी आंग काहून धुत नाई?”

“धुते न बाई. धुळीत धुते.”

“मंग मी धुळीत काहून नाई धुत?”

मी म्हणायची, “तुले पंख फुटले का धुजो.” मग ती पाठीला हात लावून पाहायची. संध्याकाळी हे कचेरीतून आले, की त्यांच्या पगडीत तिला काहीतरी सापडलं पाहिजे असा नेम होता. फुटाणे, नाहीतर चिंच, नाहीतर नुसतंच पान. बाप वाईट होता असं मी म्हणत नाही. वाईट असता तर मला राग यायला सोपं गेलं असतं.

थंडीच्या दिवसांत साहेबाचा नाताळ यायचा आणि कचेरी बंद राहायची. सण त्यांचा, सुट्टी आमची. त्या वर्षी हे म्हणाले, गावी जाऊ, कापूस घरात येऊन पडला असेल, बाबांना बरं वाटेल. गाव अकोल्याच्या पुढे, पातूरच्या वाटेवर. आगगाडीचे रूळ तेव्हा कुठे पडत होते, म्हणून आम्ही बैलांच्या दमणीतून निघालो. खाली कडबा, त्यावर वाकळ, आणि पोरगी माझ्या पदरात गुंडाळलेली, फक्त नाक बाहेर. समोरून कापसाच्या गाड्यांमागून गाड्या येत होत्या. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकले होते.

“बाबा, येवढा कापूस कोन नेते?”

“साहेब नेते.”

“साहेबाले काहून पायजे?”

यांनी तिला समजावून सांगितलं, की समुद्रापलीकडे गोऱ्यांचं आपापसात जुंपलं आहे, तिकडचा कापूस अडला, म्हणून आपला जातो. ती जरा विचार करून म्हणाली, “मंग भांडन मिटलं का कापूस वापस देतीन?” हे पोट धरून हसले. गाडीवाल्यालाही सांगितलं, तोही हसला. सगळ्या वाटेत तेवढाच एक आनंद होता, बाकी नुसती थंडी.

घरी पोचलो तर बसायला जागा नाही. ओसरीत कापूस, माजघरात कापूस, बाळंतिणीच्या खोलीत कापूस. देव उचलून स्वयंपाकघराच्या कोनाड्यात ठेवले होते. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या, त्यामुळे मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, टोकणारं घरात कुणी नव्हतं. माझी मोठी जाऊ दारातच कमरेवर हात ठेवून उभी होती. ती मनानं चांगली, जिभेनं तिखट.

“या बाई या,” ती म्हणाली. “घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. मानसायनं गोठ्यात झोपाव, कापसानं घरात. असा कायदा हाये इथला.”

आणि खरंच आम्ही गोठ्यालगतच्या पडवीत झोपलो. मामंजी भाव अजून चढेल म्हणून कापूस विकत नव्हते. अकोल्याहून दलाल यायचे, मूठभर कापूस उचलून बोटांनी ओढून पाहायचे, मामंजी त्यांना गुळाचं पाणी द्यायचे आणि परत धाडायचे. गावातला कुणीही आला तरी त्याला आधी माजघरात नेऊन ढीग दाखवायचे. तीन भिंतींना टेकलेला, थेट तुळईपर्यंत चढलेला. लेकाच्या लग्नात नसती मिरवली एवढी ऐट त्या ढिगाची.

माझ्या मुलीकडे मात्र त्यांनी आजवर मान वर करून पाहिलं नव्हतं. ती झाली तेव्हा निरोप गेला, तर म्हणाले, “बरं.” बारशाला आले नाहीत. जावेला दोन मुलगे, त्यांना ते मांडीवर घेत, ही समोर जाऊन उभी राहिली, की “जाय, मायपाशी जाय.” ती माझ्यापाशी यायची आणि विचारायची, “आबाजी मले काहून नाई घेत?” सगळ्या ‘काहून’ना मी काहीतरी उत्तर द्यायची, याला नाही दिलं.

पण पोर ती, दिवस मजेत गेले. सकाळी ओट्यावर उन्हात बसायचं, चुलत भावांबरोबर शेतात जाऊन हुरडा खायचा, कच्ची बोरं खाऊन खोकायचं. तिच्या केसांत कायम कापसाचे तंतू अडकलेले. मी विंचरताना ओरडले, की म्हणायची, “मी म्हातारी झाली.”

सुट्टी संपायला थोडे दिवस राहिले आणि एका सकाळी मामंजी यांना म्हणाले, “पोट्टीची लूट करू.”

लूट म्हणजे काय हे इथल्यांना सांगायला नको, पण बाहेरचं कुणी वाचेल म्हणून सांगते. संक्रांतीनंतर लहान लेकराला काळं अंगडं घालतात, साखरेच्या हलव्याचे दागिने घालतात, पाटावर बसवतात आणि डोक्यावरून बोरं, उसाच्या गंडेऱ्या, हरभऱ्याचे घाटे ओततात. भोवतीची पोरं ते लुटतात. लेकराला उन्हाळा बाधत नाही म्हणतात. आमच्या मुलीची लूट आजवर या घरानं केलीच नव्हती.

मला काय झालं ते सांगून पटणार नाही. मी चुलीकडे तोंड करून रडले. म्हटलं, दिसली, शेवटी माझी मुलगी या माणसाला दिसली.

जाऊ मात्र लगेच म्हणाली, “संक्रांतीच्या आंधी लूट कुठं करतेत का? अजून धनुर्मास सुरू हाये.” ती मामंजींसमोर बोलत नसे, भिंतीला सांगावं तसं सांगायची. भिंतीपलीकडून उत्तर आलं.

“संक्रांतीपावतर कापूस काय घरात राह्यते? दोन-चार दिसात भाव लागन. मले पोट्टी कापसावर बसवाची हाये. पाह्यतीन लोकं, लेकाहो, का याच्या नातीले पाट नाई लागत.”

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तसं झालं. पण तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, मुलगी दिसली होती ना. मी माझी जुनी काळी चंद्रकळा फाडून तिचं अंगडं शिवलं. शेगडीवर परातीत तीळ हलवत, साखरेचा पाक थेंब थेंब घालत मी आणि जाऊ बसलो. बोटांना फोड आले. हलव्यावर काटा छान फुलला. मुलगी सारखी येऊन एकेक मणी तोंडात टाकायची, आणि जाऊ तिला म्हणायची, “खाय, खाय, दागिना पोटात घाल. चोर नेत नाई.”

लुटीच्या दिवशी दुपारी गाव जमला. पोरांचा सण, पण आले सगळे बाप्ये, कारण मामंजींनी बोरांत चांदीचे रुपये मिसळणार असं आधीच सगळीकडे सांगून ठेवलं होतं. बायका आम्ही स्वयंपाकघराच्या दारात आरतीचं ताट घेऊन उभ्या. गड्यानं ढिगाला शिडी लावली. ढिगाची उंची पाहून मी यांना दाराआड बोलावून म्हटलं, “अहो, पाटावर बसवा ना. खाली बसवा तिले. येवढ्या वर काहून?”

हे हसले. “कापूसच हाये, दगड हाये का?”

तिला वर नेऊन घोंगडीवर बसवलं. काळं अंगडं, पांढरे दागिने, पांढरा ढीग. ती वरून मला हात करत होती. मी एवढी सुंदर मुलगी कधी पाहिली नव्हती, हे आई म्हणून नाही सांगत.

मामंजी शिडीवर चढले आणि त्यांनी पहिली ओंजळ तिच्या डोक्यावरून सोडली. बोरं उडाली, रुपये चमकले, पोरं ओरडत ढिगावर चढली. पाट असता, सारवलेली जमीन असती, तर रुपये घरंगळून कोपऱ्यात गेले असते आणि पोरांनी उचलले असते. पण तो कापूस होता. रुपये त्यावर पडायचे आणि आत गडप व्हायचे. पोरं हात खुपसून शोधायला लागली. मग एक बाप्या म्हणाला, “माह्या पुढ्यातच पडला, मी पाह्यला,” आणि तो वाकला. मग दुसरा. मामंजींना जोर चढला, त्यांनी बोरा-रुपयांची अख्खी पायली उलटी केली. बघता बघता सरकारी शिपाई, शेजारी, पाहुणे, सगळे ढिगाच्या पायथ्याशी हातांनी उकरत होते, मांजरं राख उकरतात तसे. आणि पायथा उकरला की माथा राहतो का? ढीग मधूनच सरकला. भिंतीला टेकलेला वरचा सगळा कापूस अल्लद खाली आला. कापूस पडताना आवाज होत नाही.

मला काळं अंगडं दिसत होतं, आणि मग दिसलं नाही.

मी ओरडले, “पोरगी! माही पोरगी कुठं हाये?” कुणी ऐकलं नाही. एकजण हसत म्हणाला, “असंन इथंच, बोरं येचत असंन.” ते सगळे त्या पडलेल्या कापसावर चढले, तुडवू लागले, कारण रुपये आता तिथं होते. मी ताट टाकलं. सासऱ्यापुढे, सगळ्या बाप्यांपुढे डोक्यावरचा पदर पडला तो मी सावरला नाही. माणसांना ढकलत, कोपरं मारत मी त्या ढिगात शिरले. कापूस बाजूला सारावा तर तेवढाच पुन्हा येत होता. माझ्यामागे जाऊ आली. तिच्या हाताला पाय लागला. आम्ही दोघींनी ओढलं.

मुलगी निळी पडली होती. तोंड कापसानं भरलेलं. जावेनं तिला पालथं धरून पाठीत थापा मारल्या, घशात बोट घालून पुंजका काढला, सरकीसकट. मग दुसरा. मग ती खोकली. खोकली, आणि श्वास घेतला, आणि मी जमिनीवर बसले.

जरा वेळानं ती म्हणाली, “माय, अंधार काहून झाला व?” आवाज घोगरा होता.

अजूनही लोक मला विचारतात, तू तिथंच होतीस ना? होय, होते. आत शिरणारी मीच होते. ज्यांना हा प्रश्न सुचतो त्यांनी आधी त्या उकरणाऱ्यांना विचारावं.

मामंजींच्या तोंडून पहिला शब्द काय निघाला असेल? “दारं लावा! कोनी भाईर जाऊ नका, रुपये आत राह्यले!” कापूस तुडवला म्हणून त्यांनी गावाला शिव्या दिल्या, बाप्यांना एकेक करून कमरा झाडून बाहेर काढलं, आणि घरच्या माणसांना कापूस मूठ मूठ चाचपायला बसवलं. मी मुलीला गोठ्याजवळच्या उन्हात मांडीवर घेऊन बसले होते. तिच्या श्वासाबरोबर आत बारीक शिट्टी वाजत होती. मी कान लावला. छातीच्या एकाच बाजूला वाजत होती.

मी उठले आणि माजघरात गेले. हे धोतर खोचून बापाशेजारी बसले होते आणि कापूस चाचपत होते.

“अहो, तिच्या छातीत शिट्टी वाजून राहिली. आत काहीतरी अडकलं. अकोल्याले हकीम हाये, आत्ता गाडी जुंपा.”

यांनी वर पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. “येवढं होऊ दे. सकाळी पाहू.”

सकाळी दलाल आला. तुडवलेला कापूस मळला होता, आता अधिक थांबण्यात अर्थ नाही हे मामंजींना कळलं आणि त्यांनी सौदा उरकला. घरचे सगळे बैल, आमच्या दमणीचेसुद्धा, कापसाच्या गाड्यांना जुंपले. मुलीला ताप भरला होता. मी यांच्यामार्फत विचारलं, निदान कापसाच्या गाडीवर आम्हा मायलेकींना बसवून न्या, गाड्या अकोल्यालाच तर चालल्या आहेत. उत्तर आलं, “सौद्याच्या भरल्या गाडीवर बिमार लेकरू बसवते का कोनी? अपशकून कराचा हाये?” आणि यांनी तो निरोप मला जसाच्या तसा आणून दिला. त्यात एक शब्द आपला घातला असता तरी चाललं असतं.

आमचा कापूस मामंजींसकट अकोल्याला गेला. माझी मुलगी तापानं फणफणत पडवीत राहिली. जाऊ तिच्या छातीला ओव्याची पुरचुंडी शेकत होती आणि भिंतीला ऐकू जाईल अशा शिव्या देत होती. पण आता भिंतीपलीकडे कुणी नव्हतं.

बैल परत आले, त्यांना दम खाऊ दिला, आणि मग आम्ही निघालो. या वेळी तिनं वाटेत काहीच विचारलं नाही. अकोल्याला हकीमसाहेबांनी, म्हातारे होते, खाली बसून तिच्या छातीला कान लावला, दोन्ही बाजूंना, पुष्कळ वेळ. मग यांना म्हणाले, “दाना अंदर रह गया है. उसी दिन क्यूँ नहीं लाये?” हकीमसाहेबांनी काढा दिला, पैसे घेतले नाहीत. त्यावरून मी समजले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, धर्मशाळेत, ती माझ्या मांडीवर गेली.

धर्मशाळेतल्या एका बाईनं तिला आंघोळ घालायला मदत केली. रीतीप्रमाणे नाकात घालायला तिनं कापसाचे बोळे करून आणले. मी ते तिच्या हातातून हिसकावले आणि रस्त्यावर फेकले. ती बाई घाबरली, तिला वाटलं माझं डोकं फिरलं. पोरीच्या नाकात मी काही घालू दिलं नाही. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत. मोर्णा नदीच्या काठी यांनीच खड्डा केला.

अमरावतीला परतलो आणि कचेरी उघडायच्या दिवशी हे कामावर गेले. मी त्यांना भाकरी बांधून दिली. माझ्याच्यानं तेवढं होत होतं.

मग समाचाराला माणसं येऊ लागली. हे प्रत्येकाला एकच सांगत, “थंडी बाधली. गावाकडे थंडी फार.” तिकडे मामंजीही तेच सांगत होते. ऐकणारे माना हलवत आणि म्हणत, यंदा थंडी आहेच. पहिल्यांदा मी ऐकलं तेव्हा वाटलं, दुःखात माणूस बोलतो काहीतरी. मग पुन्हा ऐकलं, आणि पुन्हा. पुढे पुढे यांच्या तोंडात ते इतकं बसलं, की मला भीती वाटली, थोड्या दिवसांनी यांना तेच खरं वाटेल, आणि आणखी थोड्या दिवसांनी मलाही.

एके संध्याकाळी कचेरीतले चौघे-पाचजण आले होते. त्यांतल्या थोरल्यांनी विचारलं, काय झालं होतं मुलीला? हे म्हणाले, “थंडी बाधली.”

मी आतल्या दाराशी विड्याचं तबक घेऊन उभी होते. तबक खाली ठेवलं आणि बाहेर आले. परक्या पुरुषांपुढे आयुष्यात पहिल्यांदा बोलले.

“थंडीनं नाई गेली ती. यांच्या घरच्या कापसाखाली गुदमरली. अन् हे तवा रुपये शोधत होते.”

ते थोरले आधी उठले, मग बाकीचे. विडा कुणीच घेतला नाही. हे त्यांना दारापर्यंत सोडून आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. रागावले नव्हते, रागावले असते तर बरं झालं असतं. गयावया केल्यासारखे म्हणाले, “मले एकट्याले म्हनाचं होतं. चारचौघात काहून बोलली?”

मी म्हटलं, “ती चारचौघातच गुदमरली.”